रविवारी रात्री मेस बंद असते

विद्यापीठांचे प्रवेश ज्या दिवसांत होतात, नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे धानाची रोवणी चालू असते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागातून पुण्याला शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या बाबतीत हे खरे आहे, तरीही घराच्या आठवणीबद्दल बोलताना कुणी त्याचा उल्लेख केलेला मी ऐकलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरात एकही हात रिकामा नसतो. पहाटे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायचे, त्यांच्या पेंड्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांधीत (खाचरात) त्या टाकायच्या आणि मग दिवसभर वाकून रोवणी करायची, असा तो हंगाम असतो. आणि त्या हंगामाच्या मध्यावर मी गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघून, सुमारे हजार किलोमीटर ओलांडून, वसतिगृहाच्या एका खोलीत येऊन बसले, जिथे माझ्याकडून कुणाला कसलेच काम नको होते.

माझे गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या बाजूला आहे. एम.ए. अर्थशास्त्रासाठी पुण्याला जायचे ठरले, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंदच झाला होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर गणेशखिंडीत सुमारे 411 एकरांवर पसरलेला आहे, तिथे जुने वड आहेत, हिरवळ आहे, त्यामुळे तुला करमेल, असे ओळखीतले एक गुरुजी म्हणाले होते. झाडे होती, सावलीही होती, आणि तरीही पहिले काही आठवडे मला अजिबात करमले नाही. त्या न करमण्याचा विचार मी पुढे बराच केला आणि त्यातून जे हाती लागले, ते यंदा नव्याने येणाऱ्यांसाठी लिहून ठेवावे असे वाटते.

घराची आठवण म्हणजे आईची, अंगणाची, जेवणाची आठवण, असे आपण धरून चालतो. तशी आठवण येतेच. पण मला सर्वांत जास्त जे टोचत होते, ते वेगळे होते. घरी मी कुणाच्या तरी उपयोगाची होते. दुपारी बांधीवर शिदोरी पोहोचवणे, मजुरांच्या हजेरीचा हिशेब वहीत मांडणे, आजीच्या गोळ्या वेळेवर देणे, लहान भावाला गणित समजावणे, ही कामे माझी होती आणि ती मी केली नाहीत तर कुणाचे तरी अडत होते. वसतिगृहात माझ्यावाचून कुणाचेच अडत नव्हते. मी दिवसभर खोलीत झोपून राहिले असते, तरी विद्यापीठाच्या कारभारात काडीचाही फरक पडला नसता. आपण नसलो तरी चालते ही भावना अठरा-वीस वर्षांच्या माणसाला फार खोलवर लागते, आणि तीच पुढे घराची आठवण होऊन वर येते, असे माझे मत झाले आहे.

या ओढीचा अभ्यास फार जुना आहे. 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहिला आणि तिला सरळ आजार मानले. आजचे अभ्यासक तिला आजार म्हणत नाहीत. मार्गारेट स्ट्रोबे, हेंक शूट आणि माइके नौटा यांनी 2015 आणि 2016 मध्ये या विषयावर जे लिहिले आहे, त्यात त्यांनी तिच्या दोन बाजू दाखवल्या आहेत. एक बाजू घर तुटल्याच्या दुःखाची आणि दुसरी नव्या जागेत रुळण्याच्या ताणाची. माणसाला या दोन्हींकडे आलटून पालटून लक्ष द्यावे लागते, केवळ एकीकडे पाहून भागत नाही, हे त्यांचे म्हणणे मला माझ्या अनुभवावरून पटते. त्याआधी 1987 मध्ये शर्ली फिशर आणि ब्रूस हूड यांनी विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. तिच्यात घरी राहून शिकणाऱ्या मुलांवरही नव्या वातावरणाचा ताण आलेला आढळला होता. हे वाचल्यावर माझ्या वर्गातल्या, पुण्यातच घर असलेल्या एका मुलीचे पहिल्या सत्रातले गप्प गप्प राहणे मला समजले. तोवर मी तिला सुखी समजत होते.

या दोन बाजूंचा तोल सगळ्यात आधी मोबाइलवर बिघडतो. घरी सारखा फोन करू नकोस, त्याने मन जास्त कच्चे होते, असा सल्ला वरच्या वर्गातल्या मुली देतात. हा सल्ला मला मान्य नाही. फोन कितीदा केला यापेक्षा तो कोणत्या वेळी केला आणि त्यावर काय बोलले गेले, याने फरक पडतो. मी सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास फोन करायचे. त्या वेळी घरी पाने वाढलेली असत, मागे ताटांचा आवाज येई, भाऊ काहीतरी मागत असे, आणि आई एक कान माझ्याकडे ठेवून बाकी सगळे सांभाळत असे. "जेवण केली का बाई?" हा तिचा प्रश्न ऐकला की माझा गळा दाटून यायचा आणि पुढे मला बोलता येत नसे. मग आईही घाबरायची. पुढे आम्ही वेळ बदलली. सगळी कामे आटोपून आई ओसरीवर टेकते, त्या वेळी बोलायचे ठरले. आणि बोलायचे ते कामांबद्दल. किती बांध्या झाल्या, मजूर मिळाले का, बोडीत (शेततळ्यात) पाणी किती आहे, खोडकिड्यावर काय फवारले, असे मी विचारू लागले. आठवण येते का, हा प्रश्न दोघींनीही एकमेकींना विचारणे बंद केले, कारण त्याचे उत्तर दोघींनाही ठाऊक होते. या बदलाने मला फार मोठा आधार दिला.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. आमच्याकडे दोन्ही वेळा भात असतो; पुण्याच्या मेसमध्ये चपात्या, चिंच-गुळाची आमटी, भाजीत दाण्याचे कूट आणि शेवटी मूठभर भात, असा बेत असतो. अर्धपोटी राहून दुःख वाढवण्यापेक्षा मेसच्या मावशींना स्पष्ट सांगावे. मला एकच चपाती द्या आणि भात वाढवा, असे मी सांगितले, त्यांनी ते लगेच मान्य केले आणि तो विषय तिथेच मिटला.

रविवारचा विषय मात्र इतक्या सहज मिटणारा नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की, रविवारी रात्री मेस बंद असते. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूरकडच्या मुली शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरून निघतात. माझी खोलीतली मैत्रीण सांगलीची. तिला सहा तासांत घर गाठता येते. शनिवारी सकाळपर्यंत मजल्यावरचा आवाज विरून जातो, दोरीवरचे कपडे कमी होतात आणि मागे उरतात त्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नंदुरबार आणि नांदेडकडच्या मुली. रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ हा आठवड्यातला सर्वांत वाईट काळ असतो. अभ्यासिकेत मन लागत नाही, मेसला जाण्याच्या निमित्ताने जी चार माणसे दिसतात तीही दिसत नाहीत, आणि उद्या मैत्रिणी घरचे डबे घेऊन परत येणार, हे माहीत असते.

आमच्या मजल्यावर मागे राहिलेल्या मुलींनी यावर एक साधा उपाय केला. रविवारी रात्रीचे जेवण कुणीही एकटीने, खोलीत बिस्किटे खाऊन उरकायचे नाही, असे ठरले. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे, औंधच्या बाजूला नाहीतर विद्यापीठाच्या फाटकाबाहेर स्वस्तात जे मिळेल ते एकत्र बसून खायचे आणि चालत परत यायचे. कोणाकडे महिन्याच्या शेवटी पैसे नसले, तर ज्यांच्याकडे असतील त्यांनी भरायचे आणि त्याची वाच्यता करायची नाही. किती जणी येणार हे विचारण्याची, जागा धरण्याची, परत येण्याच्या वेळेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आळीपाळीने एकेकीकडे असे. माझी पाळी असलेल्या रविवारी मला घराची आठवण कमी येते, हे माझ्या लवकरच ध्यानात आले. त्या दिवशी माझ्याकडे काम असे आणि त्या कामासाठी कुणीतरी माझी वाट पाहत असे.

भाषेचाही एक भाग यात आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आम्ही झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, माणसे "मले", "तुले", "काहून" असे बोलतो. वर्गात चर्चेच्या वेळी माझ्या तोंडून असा एखादा शब्द निघाला की मागून हसण्याचा आवाज यायचा. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. पण त्या हसण्यानंतर मी कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडले नाही. शिकवणे इंग्रजीतून, मित्रमैत्रिणींमधले बोलणे पुण्याच्या मराठीतून, आणि माझी स्वतःची बोली फक्त फोनवर, अशी ती विभागणी झाली होती. जी मुले आपल्या बोलीला वर्गाच्या बाहेर ठेवून येतात, ती स्वतःचा अर्धा भाग बाहेर ठेवतात, आणि मग त्यांना सतत घरी जावेसे वाटले तर त्यात नवल नाही. मला यातून बाहेर काढले ते सांगलीच्या मैत्रिणीने. तिने एका रात्री मला आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्याबद्दल विचारले आणि मी माझ्या बोलीत सांगत गेले. ती मध्ये मध्ये थांबवून अर्थ विचारत होती, तिच्याकडचे शब्द सांगत होती. त्यानंतर खोलीत तरी मी माझ्या बोलीत बोलू लागले. आणि खोलीत जमले ते हळूहळू वर्गातही जमले.

आता ज्या गोष्टीमुळे माझे पुण्यातले दिवस खऱ्या अर्थाने बदलले, तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. विद्यापीठात "कमवा आणि शिका" योजना आहे. हे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याशी जोडलेले आहे. त्यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरीब मुलांनी श्रम करून शिकावे, ही रीत महाराष्ट्रात रुजवली. या योजनेत विद्यार्थी दिवसातले काही तास कार्यालयात, ग्रंथालयात किंवा बागेत काम करतात आणि त्यांना तासांप्रमाणे मानधन मिळते. मी अर्ज केला तो पैशांसाठी. मला बागेचे काम मिळाले.

सकाळी खुरपे, कुदळ आणि घमेले घेऊन आम्ही काही जण निघायचो. नव्याने लावलेल्या रोपांभोवती आळी करायची, तण काढायचे, वाळलेला पालापाचोळा एका जागी गोळा करायचा, असे ते काम असे. तिथली जमीन मुरमाड आणि उताराची. पाणी घातले की ते आळ्याची कड फोडून खाली निघून जाई आणि रोप कोरडेच राही. एके दिवशी मी माळीकाकांना म्हटले की कड अशी कोरड्या मातीने रचून टिकणार नाही. आमच्याकडे बांधीची पाळ घालतात त्याप्रमाणे मी बारीक माती वेगळी काढली, तिच्यात पाणी घालून ती पायाने तुडवली, तिचे गोळे एकावर एक बसवून हाताच्या तळव्याने कड थापून घेतली आणि जास्तीचे पाणी खालच्या रोपाकडे जाईल अशी एका बाजूला अरुंद वाट ठेवली. काका शेजारी उभे राहून सगळे पाहत होते. त्यांनी झारीने पाणी ओतले. पाणी थांबले, हळूहळू मुरले आणि उरलेले त्या वाटेने खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी पोहोचण्याआधीच त्यांनी दुसऱ्या मुलाला सांगितले होते, "त्या गोंदियाच्या पोरीला येऊ दे, ती पाणी बरोबर अडवते."

हे वाक्य मला त्या मुलाने येऊन सांगितले, तेव्हा मला किती बरे वाटले, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या दिवशी पुण्यात पहिल्यांदा कुणीतरी मला, मला जे येते त्यावरून ओळखले होते. वसतिगृहात मी खोली क्रमांक होते, विभागात हजेरीपटावरचा क्रमांक होते. बागेत मी पाणी अडवणारी मुलगी झाले. त्यानंतर घराची आठवण थांबली असे नाही, परंतु ती आली तरी मी काम सोडून खोलीत जाऊन पडत नसे. सकाळी कुणीतरी वाट पाहत आहे, हे माहीत असले की रात्रीची झोपही बरी लागते.

प्रत्येकाने बागेतच काम करावे, असे मला म्हणायचे नाही. कुणी ग्रंथालयात पुस्तके लावील, कुणी राष्ट्रीय सेवा योजनेत जाईल, कुणी वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना बँकेत खाते उघडायला मदत करील. कामाचा प्रकार गौण आहे. ते ठरलेल्या वेळी असावे, आपल्यावाचून कुणाचे तरी थोडे अडावे आणि त्यात आपल्याला घरून जे येते त्याचा उपयोग व्हावा, एवढे पाहावे.

माणसे जोडण्याबद्दल विचार करताना मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे न्यूयॉर्कमधले दिवस आठवतात. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना, म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, जिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. इतक्या कणखर माणसालाही जेवण, जागा आणि सोबत यांची व्यवस्था आधी लावावी लागली, हे लक्षात घेतले की आपल्याला वाटणारी ओढ ही दुबळेपणाची खूण आहे, असे वाटेनासे होते.

पहिल्या सुट्टीबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून ते सांगते. दिवाळीला घरी जायला मिळणे ही मोठी गोष्ट असते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे परीक्षेचे वेळापत्रक लागण्याआधीच अंदाजाने तिकीट काढावे लागते आणि बहुतेकदा प्रतीक्षा यादीच हाती येते. तरी मी पोहोचले. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते; पाहुणे येतात, दंडार होते, रात्री नाटक होते. सगळे होते तसेच होते. फक्त मी जिथे झोपायचे तिथे आता पोती रचलेली होती, माझे टेबल भावाने घेतले होते आणि मजुरांचा हिशेब तो लिहू लागला होता, तोही चांगला. मला त्याचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटले.

परतीचा प्रवास पहिल्या वेळेपेक्षा अवघड गेला. पहिल्यांदा जाताना पुढे काय आहे याची उत्सुकता तरी असते. दुसऱ्यांदा काय सोडून चाललो आहोत आणि कुठे चाललो आहोत, दोन्ही स्वच्छ दिसत असते. घरून परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस मोकळे ठेवू नयेत, हे मी आग्रहाने सांगते. मी निघण्यापूर्वीच माळीकाकांना, मी येईन त्या दिवशीच कामावर हजर होईन, असे कळवले होते. पहाटे पुण्याला उतरून, खोलीत सामान टाकून मी सरळ बागेत गेले. त्या सकाळी आळी पुन्हा बांधायची होती.

काही वेळा मात्र हे उपाय पुरत नाहीत. जेवण जात नाही, रात्र रात्र झोप लागत नाही, तासांना जाणे बंद होते, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागतात आणि असे कित्येक आठवडे चालते, तेव्हा त्याला घराची आठवण म्हणून सोडून देऊ नये. विभागातल्या विश्वासाच्या शिक्षकांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. माझ्या मजल्यावरच्या एका मुलीने फोन केला होता. तिने मध्येच एक सत्र सोडून घरी जाऊन उपचार घेतले, परत आली आणि आता चांगली शिकते आहे. काही काळ घरी परत जाणे हाही एक योग्य मार्ग असू शकतो आणि त्याबद्दल कुणी कुणाला हिणवू नये.

शेवटी पालकांना एक विनंती करायची आहे. मुले लांब असली की घरातल्या वाईट बातम्या त्यांच्यापासून लपवल्या जातात. आमच्याकडे परतीच्या पावसाने कापलेले धान भिजले, हे मला घरातून कुणी सांगितले नाही. गावातल्या एका मैत्रिणीच्या बोलण्यातून ते कळले. मला त्रास होऊ नये हाच हेतू होता, पण त्याने मी घरातून आणखी बाहेर काढली गेले. मी आईला तसे सांगितले आणि तेव्हापासून घरातले सगळे मला कळते. एवढेच नव्हे, तर घरची काही कामे माझ्याकडे परत आली. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून सरकारदरबारी पिकाची, नोंद शेतात उभे राहूनच करावी लागते, तेव्हा भाऊ बांधावर असतो आणि अडले की मी त्याला फोनवरून सांगत जाते. आधारभूत खरेदी केंद्रावरची नोंदणी, तिची शेवटची तारीख, 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला ठरलेला क्विंटलला 2369 रुपयांचा दर आणि व्यापारी देऊ करतो त्यातला फरक, हे सगळे पाहणे आता माझे काम आहे. बाबा धान विकण्याआधी मला फोन करतात. तेव्हा तुमची मुलगी किंवा मुलगा लांब शिकत असेल, तर जेवलीस का हे जरूर विचारा, आणि त्याबरोबरच तिथे बसून होण्यासारखे घरातले एखादे काम तिच्याकडे सोपवा, ते वेळेत झाले का हेही विचारा.